तिकीट शोधताना विमानतळापासून सुरुवात कर

दादा, पहिल्यांदाच विमानाने निघालायस म्हणून सांगतो. संभाजीनगरच्या चिकलठाणा विमानतळावरूनच बसायचं असा हट्ट धरू नकोस. आपल्याकडून उड्डाणं मोजकी, त्यामुळे एकदा जागा भरत आल्या की भाडं झपाट्यानं चढतं. त्याच तारखेला पुणे, मुंबई आणि शिर्डीचं भाडंही बघ. लातूर, उदगीर, नांदेडकडच्यांना हैदराबाद फार सोयीचं. तिथून दक्षिणेत आणि आखातात भरपूर विमानं जातात. मात्र एसटीचं किंवा रेल्वेचं भाडं आणि रात्री मुक्काम पडला तर लॉजचा खर्च धरूनच हिशेब कर. पाचशे रुपये वाचवायला अख्खी रात्र जागणं मला पटत नाही, घरातली म्हातारी माणसं सोबत असतील तर नाहीच.

तारीख पुढेमागे सरकवता आली तर उत्तम. गूगल फ्लाइट्सवर महिनाभराचे दर एकत्र दिसतात. मंगळवार-बुधवार बहुधा स्वस्त निघतात. दिवाळीचं तिकीट मात्र लवकरच काढ.

दर सापडला की कंपनीच्या स्वतःच्या साइटवरही तपास, तिकीट विकणाऱ्या मधल्या साइट बऱ्याचदा शेवटी सुविधा शुल्क लावतात. सीट निवडायला वेगळे पैसे भरू नकोस. सामान जास्त असेल तर वजनाची मर्यादा आधीच ऑनलाइन वाढवून घे, काउंटरवर ते महाग पडतं.