वाचकांचे प्रश्न : खाणीचा उत्सव भरवताना

प्रश्न : आमची वस्ती जुन्या दगडखाणीच्या कडेला आहे. बहुतेक घरांतली आजी-आजोबांची पिढी खाणीत फोडकाम करायची. अमेरिकेत कोलोरॅडोतल्या लेडव्हिल गावी दर ऑगस्टमध्ये खाणकामगारांच्या स्मरणार्थ उत्सव भरतो, त्यात हाताने दगडाला भोक पाडण्याची स्पर्धा असते, असं वाचलं. मंडळाच्या पटांगणात अशी स्पर्धा ठेवावी का?
– मंडळाचे कार्यकर्ते, मालाड पूर्व

उत्तर : उत्सव जरूर करा, स्पर्धा मात्र नको. तिकडच्या स्पर्धांत एकटा माणूस साधारण पावणेदोन किलोचा हातोडा वापरतो. जोडी असेल तर साडेतीन किलोच्या वरचा घण असतो. एक जण पोलादी टाकी, म्हणजे लांब छिन्नी, धरतो, दुसरा घाव घालतो. धरणाऱ्याने दर घावाला टाकी थोडी फिरवावी लागते, नाहीतर धार एकाच खाचेत रुतून बसते. चुरा निघावा म्हणून भोकात पाणी सोडत राहतात. घण पडतो तो धरणाऱ्याच्या मुठीच्या अगदी वर. हौशी पोरांना घड्याळ लावून हे करायला सांगितलं, तर कुणाची तरी बोटं जातील.

त्याऐवजी पाचरांनी दगड फोडून दाखवा. दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट जाड काळा दगड घ्या. त्याचं वजन दीडशे किलोच्या वर भरतं, म्हणून स्टेजवर चढवू नका. जमिनीवर सहा इंच वाळू पसरून तिच्यावर ठेवा. आधी हातोडीने ठोकून बघा. आवाज खणखणीत हवा. बद्द आला तर आत चीर आहे. पांढऱ्या गाठी असलेला दगडही टाळा, तो वाटेल तसा फुटतो.

मधोमध लांबीच्या रेषेत चार भोकं आदल्या दिवशीच ड्रिलने पाडून ठेवा : १८ ते २० मिलिमीटर रुंद, चार इंच खोल, एकमेकांपासून सहा इंचांवर, टोकाची भोकं कडेपासून तीन इंच आत. प्रत्येक भोकात दोन लोखंडी पट्ट्या आणि त्यांच्या मधे पाचर. इथेच बहुतेकांचं चुकतं. पट्ट्या रेषेच्या दोन अंगांना, समोरासमोर बसल्या पाहिजेत, म्हणजे दाब रेषेला आडवा पडतो. त्या रेषेच्या दिशेने बसवल्या, तर दगड भलतीकडे तडकतो.

मग प्रत्येक पाचरेवर एकेक हलका ठोका देत पहिल्यापासून चौथीपर्यंत जा, अर्धा मिनिट थांबा, पुन्हा सुरू करा. पाचर आवळत जाईल तसा आवाज चढतो. तो एकदम उतरला की चीर पडली समजा. एकाच पाचरेवर जोर काढला तर तिथला कपचा उडतो आणि बाकीचा दगड तसाच राहतो.

फोडणाऱ्याला गॉगल आणि मास्क द्या, भोकं पाडताना पाणी मारा, प्रेक्षक वीस फूट लांब ठेवा. डोकं पसरून कडा फुटलेली छिन्नी वापरूच नका, तिचे तुकडे गोळीसारखे सुटतात. सुरुंगाचं कुठलंही सामान मांडू नका. कुणाच्या घरात सुरुंग उडवायची जुनी टोपी (डिटोनेटर) निघाली तर हात न लावता पोलिसांना कळवा. आणि हे काम वस्तीतल्या जाणत्या पाथरवटाकडूनच करून घ्या, शाल-नारळावर भागवू नका, दिवसाची पूर्ण मजुरी द्या. उत्सव त्यांच्या कामाचा आहे.

प्रश्न : मुलांना इथल्या खाणींतला दगड वापरलेल्या इमारती दाखवायच्या आहेत. कुठे न्यावं?
– शिक्षिका, कांदिवली

उत्तर : एकच ठिकाण निवडायचं तर छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय. १९२२ मध्ये लोकांसाठी खुल्या झालेल्या या इमारतीत कुर्ल्याचा करडा बेसाल्ट आणि मालाडचा पिवळसर ट्रॅकाइट (हाही ज्वालामुखीतून बनलेला दगड), दोन्ही बघायला मिळतात. तिथून चालत गेटवे ऑफ इंडिया गाठा. डिसेंबर १९२४ मध्ये खुल्या झालेल्या त्या कमानीसाठी खारोडीचा पिवळा दगड वापरला आहे, आणि खारोडी म्हणजे मालाडचा मार्वे रस्ता, तुमच्या मुलांच्या ओळखीचा. सकाळच्या तिरप्या उन्हात न्या, टाकीचे बारीक घाव तेव्हाच उठून दिसतात.

मूळ खडक बघायचा तर अंधेरीचा गिल्बर्ट हिल. बेसाल्टचे उभे खांब दोनशे फुटांपर्यंत चढलेले आहेत, वर गावदेवीचं मंदिर आहे. पाणी साचलेल्या बंद खाणीच्या काठावर मात्र मुलांना अजिबात नेऊ नका.

प्रश्न : प्रदर्शनासाठी मिळालेल्या सुतक्या (दगड फोडायचे हातोडे), पहारी गंजल्या आहेत. रंग द्यावा का?

उत्तर : नको. रंगाखाली घावांच्या खुणा झाकल्या जातात. सुटा गंज ब्रशने झाडा, फडक्याला रॉकेल लावून पुसा, वाळल्यावर मशीन ऑइलचा पातळ हात द्या. पॉलिश पेपर लावू नका. दांडा ढिला असेल तर वस्तू टेबलावर आडवी ठेवा, भिंतीला टांगू नका. चिठ्ठीवर वजन आणि घरातले लोक तिला ज्या नावाने हाक मारत तेच नाव लिहा. ते वापरणाऱ्यांनाच विचारून घ्या.