तुमचे प्रश्न : घरून मेडिकल बिलिंग करायचंय, पॅकेज घेऊ का?

प्रश्न : मी एडिसन, न्यू जर्सीला राहते. लग्नाआधी ऐरोलीला एका कंपनीत एआर कॉलर होते, अमेरिकन इन्शुरन्स कंपन्यांना फोन करून अडकलेले क्लेम सोडवायचं काम. आता एच-४ या डिपेंडंट व्हिसावर ईएडी म्हणजे कामाचं परमिट आलंय, मुलगी शाळेत जायला लागलीये, घरून मेडिकल बिलिंग सुरू करावं असं मनात आहे. एका माणसाने झूमवर डेमो दिला. ४,५०० डॉलरमध्ये सॉफ्टवेअर, ट्रेनिंग आणि बिलर शोधत असलेल्या डॉक्टरांची यादी देतो म्हणाला, महिन्याला ५,००० डॉलर तर कुठेच गेले नाहीत म्हणे, आणि शुक्रवारच्या आत पैसे भरले तर डिस्काउंट. मिस्टर म्हणतात घेऊन टाक, पण मला धाकधूक वाटतेय.

उत्तर : ताई, घेऊ नका. तुमची धाकधूक अगदी बरोबर आहे. हा प्रकार अमेरिकेत नव्वदच्या दशकापासून चालू आहे, एफटीसीने म्हणजे फेडरल ट्रेड कमिशनने असली पॅकेजं विकणाऱ्यांवर कितीतरी केसेस केल्यात, आणि लोकांची तक्रार दर वेळी तीच, की यादीतल्या डॉक्टरांना बिलर नकोच होता. फोन केला की रिसेप्शनिस्ट विचारते, तुम्हाला हा नंबर कुणी दिला?

त्या माणसाला एवढंच विचारा की बिझनेस ऑपॉर्च्युनिटी रूलप्रमाणे एक पानाचं डिस्क्लोजर द्या. असला धंदा विकणाऱ्याने सही किंवा पैसे घ्यायच्या किमान ७ दिवस आधी ते द्यायचं असतं, त्यात त्याच्यावरच्या कोर्टकेसेस आणि आधी विकत घेतलेल्या लोकांची नावं-नंबर द्यावे लागतात, आणि ५,००० डॉलरचा आकडा तोंडातून काढलाय तर तो कशावरून, हेही लेखी. शुक्रवारची घाई त्यात बसतच नाही. बहुतेक तो पुन्हा फोनच करणार नाही.

आता खरी गोष्ट. सॉफ्टवेअर हा या धंद्यातला सगळ्यात सोपा भाग आहे, ते महिन्याच्या भाड्यावर मिळतं आणि पुष्कळदा डॉक्टरकडे आधीपासून असतंच. क्लेम पाठवणं तर कुणीही शिकतं. डॉक्टर पैसे देतो ते परत आलेला क्लेम सोडवणाऱ्याला, आणि ते काम तुम्ही ऐरोलीत केलंय! म्हणजे ज्याची किंमत आहे ते तुमच्याकडे आहे आणि तो माणूस तुम्हाला बाकीचंच गळ्यात मारतोय.

एक उदाहरण देते. पेशंट गुडघेदुखीसाठी आला, डॉक्टरने तपासलं, त्याचा कोड ९९२१३ लावला, त्याच दिवशी गुडघ्यात इंजेक्शन दिलं, त्याचा कोड २०६१०. इन्शुरन्सने इंजेक्शनचे पैसे दिले आणि तपासणी सीओ-९७ हा नकाराचा कोड टाकून नाकारली, म्हणजे हे त्यातच आलं म्हणे. नवखी बिलर काय करते, तर मॉडिफायर २५ (त्याच दिवशी वेगळी तपासणीही झाली असं सांगणारी खूण) चिकटवते आणि परत पाठवते. तुम्ही तसं करायचं नाही. आधी डॉक्टरची नोट उघडा. इंजेक्शन द्यायचं ठरवण्यापलीकडे खरंच वेगळी तपासणी झालीये का, दुसरी काही तक्रार बघितली का, औषध बदललं का? नोटमध्ये असेल तरच २५, मग करेक्टेड क्लेम, सीएमएस-१५०० या क्लेमच्या फॉर्मवर बॉक्स २२ मध्ये ७ (म्हणजे जुन्याच्या जागी हा) आणि जुना क्लेम नंबर (मेडिकेअरला, म्हणजे मुख्यतः ज्येष्ठांच्या सरकारी विम्याला, हा ७ चालत नाही, तिथली पद्धत वेगळी). नोटमध्ये नसेल तर सोडून द्या, डॉक्टर कितीही म्हणाला तरी, कारण मेडिकेअरला खोटा क्लेम गेला तर फॉल्स क्लेम्स ॲक्टखाली बिलरही अडकू शकते.

सुरुवात म्हणाल तर आधी एखाद्या क्लिनिकमध्ये किंवा छोट्या बिलिंग कंपनीत पार्टटाइम का होईना पण नोकरी धरा. ऐरोलीत तुम्ही फक्त शेवटचं टोक बघितलंय, फ्रंट डेस्कला कार्ड स्कॅन करताना मेंबर आयडीचा एक आकडा चुकला की पुढे काय रामायण होतं ते इथे बसल्याशिवाय कळत नाही. सोबत एएपीसी या कोडिंगवाल्यांच्या संस्थेची सीपीसी ही कोडिंगची परीक्षा द्या, १०० प्रश्न, ४ तास. बिलिंगला ती सक्तीची नाही पण अनोळखी डॉक्टरसमोर उपयोग होतो. आणि कोड दरवर्षी बदलतात, सीपीटी म्हणजे उपचारांचे कोड १ जानेवारीला, आयसीडी म्हणजे आजारांचे १ ऑक्टोबरला, त्यामुळे ऐरोलीतलं पाठ असलेलं आता चालेलच असं नाही.

पहिला क्लायंट ओळखीतूनच मिळतो. एकट्याने प्रॅक्टिस करणारे फिजिकल थेरपिस्ट, सायकॉलॉजिस्ट, नवीन दवाखाना टाकलेले डॉक्टर, यांना मोठ्या बिलिंग कंपन्या फारसा भाव देत नाहीत. तुमच्याकडच्या मराठी विश्व या मंडळाच्या गणेशोत्सवात असे दोघं-तिघं भेटतीलच. त्यांना स्वस्तात करते असं सांगू नका. तुमचे ९० दिवसांवरचे अडकलेले क्लेम मला दाखवा म्हणा. क्लेम पाठवायला मेडिकेअरला उपचाराच्या तारखेपासून १ वर्ष मिळतं, खासगी कंपन्यांपैकी काहींना ९० दिवसच, त्यानंतर ते पैसे बुडाले, त्यामुळे हे ऐकल्यावर डॉक्टर खुर्ची पुढे ओढतो.

फी बहुतेक ठिकाणी वसुलीच्या टक्क्यांवर असते. समजा महिन्याला ३०,००० डॉलर जमा झाले आणि ६ टक्के ठरले तर १,८०० तुमचे, त्यातून सॉफ्टवेअर, विमा, टॅक्स. मात्र क्वीन्सचा डॉक्टर मिळाला तर थांबा, न्यूयॉर्कमध्ये टक्केवारी चालत नाही, ते फी स्प्लिटिंग म्हणजे डॉक्टरच्या फीत बेकायदा वाटा घेणं होतं, तिथे क्लेममागे किंवा महिन्याला ठरावीक रक्कम घ्या. आणि टक्क्यांवर असाल तर डॉक्टरचे पैसे थांबले की तुमचेही थांबतात. फेब्रुवारी २०२४ मध्ये चेंज हेल्थकेअर या क्लिअरिंगहाउसवर, म्हणजे दवाखान्यांचे क्लेम इन्शुरन्सकडे पोचवणाऱ्या कंपनीवर, सायबर हल्ला झाला तेव्हा किती छोट्या दवाखान्यांचे क्लेम आठवडेच्या आठवडे अडकले होते. थोडे पैसे बाजूला ठेवूनच उतरा, आणि दुसऱ्या एखाद्या क्लिअरिंगहाउसचं रजिस्ट्रेशन करून ठेवा.

कागदपत्रांचं फार अवघड नाही. न्यू जर्सीत एलएलसी १२५ डॉलरमध्ये होते, दरवर्षी ७५ चा रिपोर्ट, ईआयएन म्हणजे धंद्याचा टॅक्स नंबर आयआरएसकडून फुकट. पण डॉक्टरशी बिझनेस असोसिएट ॲग्रीमेंट (पेशंटची माहिती जपण्याचा करार) झाल्याशिवाय एकाही पेशंटचं नाव बघू नका, हिपा हा पेशंटच्या गोपनीयतेचा कायदा तुम्हालाही लागू होतो. लॅपटॉप फक्त कामाचा, मुलगी त्यावर कार्टून बघणार नाही. चेक डॉक्टरच्याच खात्यात जातील, तुमच्या नाही. आणि ऐरोलीच्या मैत्रिणींना काम द्यायचा विचार असेल तर आधी डॉक्टरची लेखी परवानगी घ्या, काही राज्यांच्या मेडिकेडचं, म्हणजे गरिबांच्या सरकारी विम्याचं, काम देशाबाहेर पाठवता येत नाही. ईएडीची तारीख संपली आणि नवीन हातात नाही तर त्या काळात काम बंद, हे मिस्टरांशी आत्ताच बोलून ठेवा.

प्रश्न : नाशिकहून लिहितोय. बीएस्सी झालंय. व्हॉट्सॲपवर घरबसल्या मेडिकल बिलिंग डेटा एन्ट्रीचं काम आलंय, २,५०० रुपये रजिस्ट्रेशन, ९० टक्के अचूक नाही आलं तर दंड असं ॲग्रीमेंट आहे. भरू का?

उत्तर : नको रे बाबा. अमेरिकन पेशंटची माहिती अशी व्हॉट्सॲपवर कुणी वाटत नाही. यात काम नापासच होतं आणि मग वकिलाच्या नावाने नोटीस येते की दंड भरा. पैसे आधीच भरले असतील तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला लगेच फोन कर, आणि नोटीस आली तर घाबरून एक रुपयाही पाठवू नकोस, कुणातरी खऱ्या वकिलाला दाखव. बिलिंगमध्येच यायचं असेल तर पुण्यात, ऐरोलीत एआर कॉलर म्हणून फ्रेशर घेतात, रात्रपाळी असते, ट्रेनिंगचे पैसे मागत नाहीत उलट पगार देतात. इंग्रजी बोलायची सवय मात्र आत्तापासून कर, इंटरव्ह्यूत तेच बघतात.