गणिताची लेक्चरर व्हायचंय, एआय आलं म्हणून सोडायचं का?

डिचोलीच्या ताई, तुमचं पत्र मिळालं. मुलगी ताळगावला गोवा विद्यापीठात एमएस्सी गणित करतेय, तिला कॉलेजात शिकवायचंय, आणि घरचे म्हणतात एआय सगळं सोडवून देतं तर गणिताच्या मॅडमना कोण विचारणार, त्यापेक्षा डेटा सायन्सचा कोर्स कर. माझं मत विचाराल तर तिला शिकवूच दे.

एआयला गणित येतं हे खरंय. 2025 च्या आंतरराष्ट्रीय गणित ऑलिंपियाडचे सहापैकी पाच प्रश्न गूगल डीपमाइंडच्या एआयने सोडवले, 42 पैकी 35 मार्क, गोल्ड मेडलएवढे. पण वर्गात काय होतं ते बघा. शून्य ते एकमध्ये एक्स, एक्सचा वर्ग, एक्सचा घन असे घात वाढवत गेलं की प्रत्येक फंक्शन कंटिन्युअस, म्हणजे मध्ये कुठे न तुटणारं असतं, ते ज्याच्या जवळ जवळ जातं ते लिमिट मात्र सगळीकडे शून्य आणि एकपाशी एकदम एक. तरी मुलं लिमिटपण कंटिन्युअसच असं प्रूफ लिहून आणतात, कारण लिमिटच्या हवं तितकं जवळ जायला कितव्या घातापर्यंत जावं लागतं तो आकडा, एन, एक्सवर अवलंबून आहे हे एका ओळीत निसटलेलं असतं. एआय बरोबर उत्तर छापून देईल, मुलगा ते वहीत उतरवेल आणि गैरसमज डोक्यात तसाच राहील. ती ओळ त्याची त्याला सापडेपर्यंत त्याच्यासोबत बसणारं माणूस हवंच ओ!

म्हणून तिला सांगा, आधी कागदावर स्वतः झगडायचं, मग आपलं प्रूफ एआयला द्यायचं आणि म्हणायचं उत्तर नको, फक्त कुठली ओळ कच्ची आहे ते सांग. ते जे सांगेल तेही तपासायचं, कारण चुकीचंसुद्धा ते तितक्याच ठामपणे सांगतं. हीच सवय पुढे विद्यार्थ्यांना लावायची. शिवाय लीन नावाचं सॉफ्टवेअर शिकू दे, ते प्रूफची प्रत्येक पायरी काटेकोर तपासतं आणि फुकट आहे, सुरुवातीला लीन शिकवणारा नॅचरल नंबर गेम ब्राउझरमध्येच खेळता येतो.

बाकी नोकरीचं म्हणाल तर मास्टर्सला साधारण 55 टक्के आणि नेट किंवा सेट ही लेक्चररसाठीची पात्रता परीक्षा लागते. गणिताच्या नेटच्या पेपरात पार्ट सीमध्ये एकाहून जास्त पर्याय बरोबर असू शकतात, सगळे बरोबर निवडले तरच मार्क, तिथे पाठांतर चालत नाही. पहिली काही वर्षं लेक्चर बेसिसवर, म्हणजे घेतलेल्या तासांप्रमाणे पैसे मिळतात तशा नोकरीत, काढावी लागतील, पगार बेताचा, त्याची घरात आत्ताच मोकळेपणाने चर्चा करा. आणि डेटा सायन्सच्या महागड्या कोर्सची फी आत्ता भरू नका, लिनियर अल्जेब्रा आणि प्रोबॅबिलिटी ती शिकतेच आहे, पायथॉन सुट्टीत घरी बसून होईल.