दुपारचा दाणा बंद

प्रश्न : शिरूरजवळ आमचं एकरभर रान आहे. डझनभर गावठी कोंबड्या, चार शेळ्या आणि घरापुरती भाजी. एप्रिल लागल्यापासून कोंबड्या दुपारी चोच उघडी टाकून धापा टाकतात. अशक्तपणा असेल म्हणून मी दुपारी मूठभर मका जास्त टाकते, पत्र्याच्या खुराड्यात सारखं पाणी शिंपडते. तरी अंडी कमी झालीत, आणि आहेत ती पातळ कवचाची. दोडक्याचा वेलही दुपारी माना टाकतो, त्याला लगेच पाणी देते. आणखी काय करू?

उत्तर : ताई, आणखी नको, आहे तेच कमी करा. पहिला तो दुपारचा मका. कोंबडीला घाम येत नाही, अंगातली उष्णता ती धापेवाटेच बाहेर टाकते. त्यात दाणा पचायला लागला की आतून आणखी उष्णता तयार होते. आमच्या म्हसवडला मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो. मी फटफटायला लागलं की दाणा टाकते, त्यानंतर थेट ऊन उतरल्यावर. मधे फक्त पाणी, तेही मातीच्या परळात, सावलीला. प्लास्टिकच्या भांड्यातलं पाणी दोन वाजेपर्यंत असं तापतं की कोंबडी चोच बुडवून मागे सरते.

खुराड्यात पाणी शिंपडून वारा खेळत नसेल तर आत नुसता दमटपणा वाढतो, आणि दमट हवेत धापेचा उपयोग होत नाही. त्यापेक्षा पत्र्यावर पाचटाचा जाड थर द्या आणि वाऱ्याच्या बाजूला ओलं बारदान टांगा.

पातळ कवचही धापेमुळेच. सतत धापा टाकल्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो आणि कवचाला लागणारं कॅल्शियम नीट पोचत नाही. संध्याकाळी शिंपल्यांचा चुरा वेगळ्या वाटीत ठेवा. कवच बहुतेक रात्रीच बनतं, त्यामुळे तो तेव्हा पोटात असलेला बरा.

दोडक्याची काळजी सोडा. दोडका, भोपळा, काकडी यांची रुंद पानं भर उन्हात लवतातच, कारण मुळं ओढतात त्याहून जास्त पाणी पानांतून उडून जातं. सूर्य कलल्यावर पानं ताठ झाली तर वेल ठणठणीत आहे. पहाटे आळ्यात बोटाची दोन पेरं खुपसून बघा. ओल लागली तर त्या दिवशी पाणी नाही. आळ्यात पाचटाचं आच्छादन घाला, पण कोंबड्या मोकळ्या असतील तर त्या ते घटकाभरात उकरून वाफ्याबाहेर फेकतील. मी वांग्यांच्या आळ्यात पाचटावर बाभळीच्या काटेरी फांद्या आडव्या टाकते. आपल्या पायाला काटा लागतो अधूनमधून, चालायचंच.

शेळ्यांचं तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगते. ज्वारी काढलेल्या रानात वळवानंतर धसकटांना हिरवे फुटवे येतात. शेळ्या त्यावर तुटून पडतात. त्या कोवळ्या पोंग्यात विष असतं, आणि पाण्याचा ताण बसलेल्या ज्वारीत ते जास्तच. शेळी बघता बघता आडवी होते, डॉक्टर येईपर्यंत वेळ मिळत नाही. त्या रानात शेळ्या सोडूच नका. पावसाच्या आधी आंत्रविषाराची, म्हणजे आतड्यात विष तयार होणाऱ्या रोगाची, लसही टोचून घ्या.

वळवाचा आणखी एक हिशेब आहे. पहिला पाऊस झाला की अंधार पडताना कडुनिंबावर, बाभळीवर हुमणीचे भुंगेरे जमतात. पुढे त्यांच्या अळ्या तुमच्या भाजीची मुळं खातील. खाली जुनं लुगडं अंथरून फांद्या हलवा, पडतील ते झाकणाच्या बादलीत भरा आणि सकाळी कोंबड्यांपुढे ओता. शेजारी भुंगेरे मारायला रॉकेलचं पाणी वापरत असतील, तर त्यांचे मात्र मागून आणू नका.