मांडीवरचे बाळ आणि मागची सीट

प्रश्न : माझी मुलगी चौदा महिन्यांची असून तिचे वजन दहा किलो आहे. जळगावहून पुण्याला आम्ही वर्षातून चार-पाच वेळा गाडीने जातो, म्हणून बाळाला पट्ट्यांनी बांधून बसवायची कार सीट घेतली. परंतु बाळाला मांडीवर न घेता असे जखडून ठेवणे सासूबाईंना पटत नाही. आमच्या सोसायटीत लहान मुले असलेली सहा-सात कुटुंबे आहेत. त्यांनीही कार सीट वापरावी म्हणून मी व्हॉट्सॲपवर व्हिडिओ पाठविते, पण त्यावर अंगठ्यापलीकडे काही येत नाही. त्यांतल्या एका कुटुंबाला नातेवाइकांकडून जुनी सीट मिळत आहे. ती वापरावी का? — एक आई, जळगाव

उत्तर : ज्या मांडीवर घरातली सगळी मुले वाढली तीच असुरक्षित आहे, असे आपण सासूबाईंना सांगत आहात, तेव्हा त्यांना राग येणे स्वाभाविक आहे. त्यांच्यापुढे कायदा न मांडता हिशेब मांडावा. ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी धडकून एक दशांश सेकंदात थांबली असे धरले, तर आपल्या मुलीला मांडीवर रोखून धरण्यासाठी सुमारे १४० किलो वजन पेलण्याइतके बळ लागेल. म्हणजे तांदळाची ५० किलोची जवळजवळ तीन पोती एकदम ओढ घेऊ लागली, तर ती धरून ठेवण्यासारखे. बाळाला पोटाशी धरून दोघांवरून एकच पट्टा लावणे तर त्याहून घातक, कारण मोठ्या माणसाचे सारे वजन बाळावर येऊन ते पट्ट्यावर चिरडले जाते.

कायदाही आहेच. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १९४ ब नुसार चौदा वर्षांखालील मुलाला सीट बेल्ट किंवा बालआसनाविना नेल्यास एक हजार रुपये दंड होतो. मात्र केवळ दंडाच्या धाकाने घेतलेली सीट बहुधा डिकीतच पडून राहते, असे माझे मत आहे.

सोसायटीतील पालकांना व्हिडिओ पाठविण्यापेक्षा एखाद्या रविवारी सकाळी पार्किंगमध्ये बोलावून आपली स्वतःची सीट उघडून दाखवावी. गाडीचा पट्टा सीटमधून जिथून जातो तिथे ती हातात धरून हलवावी. अडीच सेंटीमीटरपेक्षा, म्हणजे साधारण इंचापेक्षा, जास्त हलली तर ती सैल बसली आहे असे समजावे. मग मुलीला बसवून खांद्यावरचा पट्टा चिमटीत धरून पाहावा; त्याची घडी चिमटीत आली, तर तो आणखी ओढायला हवा. ही चिमूट प्रत्येक पालकाला स्वतःच्या बोटांनी घेऊ द्यावी. जळगावच्या उन्हात उभ्या गाडीतल्या पट्ट्याचे बक्कल चटका बसण्याइतके तापते. तेव्हा गाडी उभी असताना सीटवर सुती पंचा टाकून ठेवावा आणि बाळाला बसविण्यापूर्वी बक्कल हाताने चाचपावे. बाळ सीटमध्ये बसताच रडते, अशा तक्रारीमागे अनेकदा एवढेच कारण असते.

आपल्या मुलीची सीट मागच्या आसनावर आणि गाडीच्या मागच्या बाजूला तोंड करून बसवावी. या वयात डोके अंगाच्या मानाने जड आणि मान कोवळी असते. उलट्या बसलेल्या बाळाचे डोके, मान आणि पाठ यांना धडकेच्या वेळी सीटची संपूर्ण पाठ आधार देते. बालआसनांसाठीच्या युरोपच्या आर १२९ या सुरक्षा मानकानुसार बाळाला किमान पंधरा महिने असे बसवावे लागते. त्यानंतरही सीटच्या पुस्तिकेत दिलेल्या उंची-वजनाच्या मर्यादेपर्यंत तसेच ठेवणे उत्तम. पाय दुमडावे लागतात म्हणून घाई करू नये, मुले मांडी घालून आरामात बसतात. पुढच्या आसनासमोरची एअरबॅग चालू असेल, तर तिथे उलटी सीट कधीही लावू नये. एअरबॅग उघडताना थेट सीटच्या पाठीवर आदळते.

जुन्या सीटबद्दल : ती अपघातातल्या गाडीत होती का, पुस्तिका आणि सर्व पट्टे शाबूत आहेत का, तिच्यावर छापलेली वापराची मुदत संपली आहे का, हे सर्व देणाऱ्याला स्पष्ट विचारावे. अपघातात सापडलेली सीट वरून धड दिसली, तरी आतून तडकलेली असू शकते. नीट उत्तर मिळाले नाही, तर ती सीट न घेतलेली बरी, आणि देणाऱ्या नातेवाइकांना थोडे वाईट वाटले, तरी चालेल.