आधी माणसं मोज, मग हॉल बघ

सप्रेम आशीर्वाद.

तू पाठवलेला खर्चाचा तक्ता नीट पाहिला. दोन्ही घरं मिळून आठ लाख, तीनशे माणसं, लग्न पुण्यातच आणि कर्ज काढायचं नाही. यातली शेवटची अट सगळ्यांत मोलाची आहे आणि ती तू स्वतःहून घातलीस, याचं फार बरं वाटलं. पण ती पाळायची तर तक्त्याचा क्रम बदलावा लागेल. तू सुरुवात हॉलपासून केली आहेस. हॉल चौथ्या नंबरवर येतो. आधी माणसं, मग तारीख, मग वेळ आणि त्यानंतर हॉल. लग्नातला जवळजवळ प्रत्येक खर्च डोक्यांनी गुणला जातो: ताट, खुर्ची, पाणी, बसमधली जागा, हॉलचा आकार, अगदी पेढ्याची पुडीसुद्धा. गुणाकारातला तो आकडा मोठा राहिला, तर फुलांत आणि पत्रिकांत कितीही हात आखडता घेतला तरी हाती काही लागत नाही.

सगळ्यांत आधी आठ लाखांतले ऐंशी हजार बाजूला काढ आणि ते नाहीतच असं समज. वाटप सात लाख वीस हजारांचंच करायचं. शेवटच्या पंधरा दिवसांत ही राखीव रक्कम लागतेच. ती नसली की तो खर्च क्रेडिट कार्डावर जातो आणि तुझी कर्ज न काढण्याची अट तिथेच मोडते.

आता यादी. तीनशे हा आकडा कुठून आला ते विचार. बहुतेक घरांत तो "आपल्याकडे तीनशे तरी होतातच" या वाक्यातून आलेला असतो. एक वही घे, दोन्ही घरांची यादी वेगवेगळी लिही आणि कुटुंबं मोजू नकोस, माणसं मोज. पत्रिकेवर "सहकुटुंब सहपरिवार" लिहिलं की एका नावाची चार-पाच ताटं झाली. "श्री. व सौ." लिहिलं की दोन. म्हणून पत्रिका छापायला टाकण्याआधी प्रत्येक नावापुढे आकडा हवा. नावांचे तीन गट पाड. पहिल्यात अशी माणसं, जी आल्याशिवाय अंतरपाट धरू नये असं तुम्हा दोघांना वाटतं. दुसऱ्यात ज्यांच्याशी वर्षभरात बोलणं झालंय ती. तिसऱ्यात "त्यांनी आपल्याला बोलावलं होतं" एवढ्याच कारणाने आलेली नावं. हा तिसरा गट लग्नाला बोलवायचा नाही. लग्नानंतर महिन्याभरात जोडीने पेढे घेऊन त्यांच्या घरी जा. त्यांनाही तेच जास्त आवडतं, कारण कार्यालयातल्या रांगेत कुणाशी दोन वाक्यंही धड होत नाहीत. आणि ही यादी केळवणं सुरू होण्याआधी बंद झाली पाहिजे. ज्यांनी केळवण केलं त्यांना लग्नाला न बोलवणं शोभत नाही, आणि मग एकेका केळवणामागे यादीत चार माणसं वाढत जातात.

आकडे मांडून बघ. समजण्यापुरतं दुपारचं ताट ४५० रुपये, सकाळचा नाश्ता १०० आणि सीमांतपूजनाचं रात्रीचं जेवण ३५० धरू. तीनशे ताटांचे १,३५,०००, घरच्या १२० जणांच्या नाश्त्याचे १२,०००, आदल्या रात्रीच्या शंभर जणांचे ३५,०००. झाले १,८२,०००. यातली साठ माणसं कमी केली तर ताटांचेच २७,००० वाचतात, शिवाय एक पायरी लहान हॉल चालतो. सीमांतपूजन लग्नाच्याच दिवशी सकाळी छोटं केलं तर आदल्या रात्रीचं जेवण, खोल्या आणि हॉलची संध्याकाळ असे तिन्ही खर्च जातात. गुरुजींना हे आधी विचार, बहुतेक जण तयार असतात.

तारखेचं गणित पंचांगातून सुरू होतं. तुळशीची लग्नं झाली की मुहूर्त सुरू होतात आणि त्यातही शनिवार-रविवारी आलेल्या तारखांना कार्यालयं, आचारी, फुलं, ब्यूटिशियन सगळ्यांचेच दर चढतात. अधिक महिन्यात मुहूर्त नसतात, त्यामुळे त्या वर्षी आजूबाजूच्या तारखांवर झुंबड उडते. २०२६ मध्ये १७ मे ते १५ जून अधिक ज्येष्ठ आहे, म्हणजे एरवी मे अखेरीला होणारी लग्नं एप्रिलमध्ये आणि मेच्या पहिल्या पंधरवड्यात दाटतात. तुमच्या घरांना चालत असेल तर पंचांगात चातुर्मासातले गौणकालाचे, म्हणजे अडचणीच्या वेळी चालवून घ्यायचे, मुहूर्तही दिलेले असतात. त्या दिवसांत, किंवा पौषात, कार्यालयाशी घासाघीस करायला खरी जागा मिळते. मधल्या वाराची दुपार घेतलीस तर पाहुणेही आपोआप कमी होतात. गोरज मुहूर्त सुंदर दिसतो, पण तेव्हा ऑफिस सुटलेलं सगळं पुणं जेवायला येऊ शकतं. वर रोषणाईचा खर्च येतो आणि उघड्यावर रात्री दहानंतर स्पीकर लावता येत नाही. लॉन घ्यायचं मनात असेल तर एप्रिल-मेमधला वळवाचा पाऊस लक्षात ठेव. संध्याकाळी पाचला आभाळ भरून आलं की ऐन वेळी ताडपत्री आणि मांडवाचे पैसे मांडववाला मागेल तेवढे द्यावे लागतात.

हॉल बघायला जाशील तेव्हा भाडं सगळ्यांत शेवटी विचार. आधी हे विचार: ताबा किती वाजता मिळणार आणि किती वाजता सोडायचा? साडेबाराचा मुहूर्त आणि चारला हॉल रिकामा, असं असेल तर जादा तासाचं भाडं जवळजवळ ठरलेलंच. बाहेरचा केटरर चालतो का, चालत असेल तर त्याची रॉयल्टी, म्हणजे त्याबद्दल हॉलवाले घेतात ते पैसे, किती? डेकोरेशनवाला त्यांचाच घ्यावा लागतो का? वीज भाड्यात आहे की युनिटप्रमाणे? जनरेटर तासावर आहे का? साफसफाई, भटारखाना, खोल्या वेगळ्या आहेत का? सांगितलेला दर जीएसटी धरून की सोडून? तारीख बदलली तर आगाऊ रकमेचं काय? ही उत्तरं पावतीच्या मागे लिहून घे आणि त्यावर सही घे. ताबा घेताना आणि सोडताना विजेच्या मीटरचा फोटो काढायचा, तारीख-वेळेसकट. डिपॉझिट परत घेताना होणारे निम्मे वाद त्या दोन फोटोंवर मिटतात. वनाझ-रामवाडी मेट्रोच्या जवळचा, म्हणजे नळस्टॉप किंवा गरवारे कॉलेजच्या आसपासचा हॉल भाड्याला थोडा महाग वाटला, तरी बस आणि पार्किंगचे पैसे त्यातून वजा करून बघ.

जेवणावर मी जास्त लिहिते, कारण पैसे सर्वाधिक तिथेच जातात आणि मोजदादही तिथेच चुकते. केटररला जो हमीचा आकडा देशील, तेवढी ताटं जेवोत न जेवोत, पैसे द्यावेच लागतात. आकड्यापेक्षा जास्त जेवले तर जास्तीचेही द्यायचे. म्हणून हमी कमी द्यायची. शेवटच्या दहा दिवसांत फोन करून जेवढे नक्की येणार असं कळतं, त्याच्या दहा टक्के खाली हमीचा आकडा ठेव, आणि त्यावर किती ताटांची वाढीव तयारी तो ठेवतो हे लिहून घे. दोनशे चाळीस नक्की असतील तर हमी दोनशे सोळा-वीसची आणि तयारी अडीचशेची. तयारीचं विचारायला विसरलीस तर शेवटच्या पंगतीला भात आणि वरण एवढंच उरतं, आणि शेवटच्या पंगतीला बहुधा घरचेच बसतात.

पदार्थ वाढवू नकोस. मसालेभात, अळूची भाजी, बटाट्याची सुकी भाजी, कोशिंबीर, पुरी, वरण-भात, जिलबी आणि मठ्ठा एवढं ताट नीट रांधलं तर कुणी चाट किंवा पास्त्याचा स्टॉल आठवत नाही. स्टॉलचा दर पूर्ण ताटसंख्येवर लागतो, खातात मात्र निम्मेच. गोड एकच, पण चांगलं. मठ्ठ्याचं माप विचार: माणशी दोनशे मिलिलिटर धरलं तर तीनशे जणांना साठ लिटर. चाळीस लिटर आणला असेल तर दुसऱ्या पंगतीपासून त्यात बर्फ वाढत जातो. पाण्यासाठी छोट्या बाटल्यांऐवजी वीस लिटरचे जार घे, तीनशे जणांना सतरा-अठरा पुरतात.

पंगत की बुफे, हा प्रश्न नुसता हौसेचा नाही. पंगतीत अन्न कमी वाया जातं आणि मोजणी चोख होते. पण शंभरची पंगत असेल तर तीनशे माणसांच्या तीन पंगती, प्रत्येकी पाऊण तास. म्हणजे साडेबाराचा मुहूर्त, एकला पहिली पंगत आणि शेवटची उठायला सव्वातीन-साडेतीन. हॉल चारला सोडायचा असेल तर हे बेताचंच आहे. बुफे लवकर आटोपतो, पण एक माणूस दोनदा ताट उचलतो आणि दोन्ही ताटं बिलात लागतात.

ताटांची मोजणी अशी करायची. जेवण सुरू होण्याआधी भटारखान्यात धुतलेली ताटं पन्नास-पन्नासच्या चळतीत रचायला सांग. आपला एक माणूस केटररच्या माणसाबरोबर उभा राहून चळती मोजेल, चिठ्ठीवर आकडा लिहील आणि दोघं सही करतील. जेवणं झाल्यावर उरलेल्या चळती मोजायच्या. जो फरक तो वापर. यात एकच गोष्ट घात करते: मधेच धुतलेली ताटं परत त्याच चळतीत येतात आणि सगळा हिशेब कोलमडतो. म्हणून धुतलेली ताटं वेगळ्या कोपऱ्यात ठेवायची हे वाढप्यांना आधीच सांगायचं, आणि ती परत वापरावी लागली तर त्यांचा आकडा चिठ्ठीवर वेगळा चढवायचा. फोटोवाले, ड्रायव्हर, सनईवाले यांची ताटं बिलात धरायची की नाही हे आधी ठरव. ही मोजणी मामा-काकांवर सोडू नकोस, ते पाहुण्यांत अडकतात. एखादा शांत स्वभावाचा मित्र बघ आणि त्याला आधी जेवू घाल.

दागिन्यांत भावावर डोळा ठेवण्यापेक्षा घडणावळीवर ठेव. वीस ग्रॅमच्या मंगळसूत्राला एकाची घडणावळ १२ टक्के आणि दुसऱ्याची २० टक्के असेल, तर फरक १.६ ग्रॅम सोन्याचा झाला, आणि मोडताना तो परत मिळत नाही. काळे मणी आणि खडे वजनातून वजा करून निव्वळ सोन्याचं वजन बिलावर लिहून घे. सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी, म्हणजे हॉलमार्कचा ओळख क्रमांक, दागिन्यावर हवा, तो बीआयएस केअर अ‍ॅपवर तिथल्या तिथे तपास. घरात जुनं सोनं असेल तर नवं घेण्याआधी ते बाहेर काढा.

बस्त्याला लक्ष्मी रोडवर जाण्याआधी आहेर कुणाकुणाला द्यायचा हे दोन्ही घरांनी मिळून ठरवावं. एका बाजूने वीस साड्या दिल्या की दुसरी बाजू वीस परत करते, आणि चाळीसही कपाटात जातात. आई, सासू, आज्या, आत्या, मावशी एवढ्यांवर थांबा, आणि बाकीच्यांसाठी पत्रिकेवर "आहेर आणू नये" छापा. मानपानाच्या नावाखाली मागणी आली तर तिला हुंडा म्हणतात आणि १९६१ पासून तो गुन्हा आहे. हे बोलायला अवघड वाटलं तरी साखरपुड्याआधीच बोल. तुझ्या शालूच्या किमतीत फॉल-पिको आणि ब्लाउजची शिलाई धरायला विसरू नकोस. मुंडावळ्या, हिरवा चुडा, रुखवताचं किरकोळ सामान तुळशीबागेत मिळतं. फुलांसाठी पहाटे मार्केट यार्ड, आणि उन्हाळ्यात गुलाबापेक्षा झेंडू आणि आंब्याचे डहाळे टिकतात. फोटोवाल्याकडून सगळे मूळ फोटो हार्ड डिस्कवर घे, अल्बम सावकाश कर. शेवटचे दहा टक्के पैसे फोटो हातात पडल्यावरच द्यायचे.

तुझ्या तक्त्यात नसलेल्या ओळी: गुरुजींची दक्षिणा आणि पूजेचं साहित्य, हार आणि गजरे, वाढप्यांना बक्षिसी, सत्यनारायण आणि जेजुरीची गाडी. तुमच्याकडे जागरण-गोंधळ असेल तर तोही. ब्यूटिशियनच्या ओळीत नवरी एकटीच आहे, करवल्यांचे पैसे कोण देणार ते लिही. आणि मोठ्या रकमा बँकेतून दे. एका समारंभासाठी एका माणसाकडून दोन लाख किंवा जास्त रोख घेणं आयकर कायद्यात बसत नाही, हप्ते पाडले तरी. पावती नसेल तर भांडायलाही जागा राहत नाही.

तुम्हा दोघांच्या मनात साधं लग्न असेल, तर तेही घरात मोकळेपणाने मांडा. याच पुण्यात १८७३ साली सत्यशोधक समाजाने पुरोहिताविना, थोडक्या खर्चात लग्नं लावायला सुरुवात केली. आजही ज्ञान प्रबोधिनीच्या पद्धतीने अर्थ सांगत विधी करणारे पुरोहित, बायकाही, शहरात आहेत. १९५४ च्या विशेष विवाह कायद्याने नोंदणी लग्न करायचं तर तीस दिवसांची नोटीस द्यावी लागते आणि तीन साक्षीदार लागतात, म्हणून तारीख त्या हिशेबाने धर. त्यानंतर ऐंशी माणसांचं जेवण आणि उरलेले पैसे घराच्या डिपॉझिटला, असंही होऊ शकतं.

विधिवत लग्न केलंत तरी नोंदणी नव्वद दिवसांत करायची असते. अर्जावर गुरुजींची आणि तीन साक्षीदारांची सही लागते, तेव्हा अर्ज आधीच आणून ठेव आणि गुरुजी कार्यालयातून निघण्याआधी त्यांची सही घे. पत्रिकेच्या दोन प्रती आणि विधीचा एक स्पष्ट फोटो त्याच पाकिटात.

यादीचा पहिला कच्चा कागद झाला की घेऊन ये, शनिवारी दुपारी मी घरीच असते. येताना त्यालाही घेऊन ये, त्याच्या घरची यादीही त्याच वेळी बघू.

तुझी,
काकू