बार छातीवर थांबला होता का?

प्रश्न : ताई, नमस्कार. मी एकवीस वर्षांची आहे. अपघातात माझा डावा पाय गुडघ्याखालून गेला. दीड वर्षापासून बेंच प्रेस करते आहे, म्हणजे बाकावर उताणं झोपून वजनाचा दांडा (बार) छातीवर आणायचा आणि वर ढकलायचा. गेल्या महिन्यात पॅरा पॉवरलिफ्टिंगच्या, म्हणजे अपंग खेळाडूंच्या याच खेळाच्या, पहिल्या स्पर्धेत उतरले. जिममध्ये 60 किलो सहज उचलते. स्पर्धेत तेच 60 तिन्ही वेळा वर नेलं, हात पूर्ण सरळ केले, तरी तिन्ही वेळा लाल दिवे लागले. माझ्यावर अन्याय झाला का? शिवाय वजन घेताना कृत्रिम पाय काढायला सांगितला, तेव्हा फार अवघडल्यासारखं झालं. दर वेळी असंच असतं का?

उत्तर : तुझं पत्र दोनदा वाचलं. माझ्याही पहिल्या स्पर्धेत तिन्ही प्रयत्न बाद झाले होते, आणि रात्रभर मी रेफ्रींना दोष देत बसले होते. आता मी स्वतः रेफ्रीच्या खुर्चीत बसते, म्हणून स्पष्टच सांगते : अन्याय झाला असेल असं मला वाटत नाही. तिघांपैकी दोघांनी लाल दिवा दिला की प्रयत्न बाद होतो, आणि वजन वर गेलं एवढ्यावर कोणी पांढरा दिवा देत नाही.

तुला शिकवणारा माणूस साध्या पॉवरलिफ्टिंगमधला असेल, असा माझा अंदाज आहे. तिथे बार छातीवर स्थिर झाला की रेफ्री ‘प्रेस’ म्हणतो, मग ढकलायचं. आपल्या पॅरा खेळात ती हाक नाही. ‘स्टार्ट’ म्हणतात, आणि कोपरं पूर्ण सरळ होऊन बार स्थिरावला की ‘रॅक’, म्हणजे बार परत जागेवर ठेव. मधलं सगळं तुझ्यावर सोडलेलं असतं. बार छातीवर आणायचा, तो थांबलेला दिसला पाहिजे, मग दोन्ही हात सारखे वर गेले पाहिजेत. हाकेची सवय असलेली मुलगी स्पर्धेत हाक आली नाही की गडबडते. मग बार छातीला टेकताक्षणी ढकलते. बाजूच्या खुर्चीतून ते अगदी स्वच्छ दिसतं.

म्हणून पुढचे दोन महिने 60 विसर. 45 किलो घे आणि जोडीदाराला मध्ये काहीही न बोलायला सांग. मनात आकडे मोजू नकोस, घाई असली की आकडेही पळतात. मी छातीवर आलेल्या बारची थरथर बंद होण्याची वाट बघायचे, ती जाणवायला मला कित्येक आठवडे लागले. मोबाइल बेंचच्या कडेला उभा करून प्रत्येक लिफ्टचं चित्रण कर. थांबल्यावर बार छातीत आणखी रुततो का, तेही बघ. तोही दोषच धरतात.

तुझ्या बाबतीत आणखी एक शंका येते. आपण पाय जमिनीवर रोवत नाही, ते बेंचवरच लांब ठेवतो. एका बाजूचा पाय हलका असला की कंबर किंचित कलते आणि एक हात आधी वर जातो. पाय बांधायला पट्टे वापरता येतात, ते सरावातही रोज वापर. स्पर्धेच्या दिवशी पहिल्यांदा बांधलेला पट्टा खटकतोच. डोक्याकडून काढलेलं चित्रण बघितलंस की कुठला हात पुढे पळतो ते कळेल.

आणि पहिल्याच प्रयत्नाला 60 का सांगितलंस? बाद झालेलं वजन नंतर कमी करता येत नाही, तेच किंवा जास्तच घ्यावं लागतं. पुढच्या वेळी 52 ने सुरुवात कर.

वजनाचं म्हणशील तर हो, कृत्रिम पाय दर वेळी काढावा लागतो. नसलेल्या पायापोटी ठरावीक वजन धरून मगच गट ठरतो. काट्यावर 54.8 दिसलं तर तू 55 च्या गटात बसशीलच असं नाही, हे आधी हिशेबात धर. अवघडलेपणाचं मला कळतं. मला लहानपणी पोलिओ झाला, कॅलिपर (पायाला आधार देणारा सांगाडा) काढून भिंत धरत मी काट्यापर्यंत गेले होते आणि कोणाकडे बघायची हिंमत झाली नव्हती. तू तसं करू नकोस. काट्याशेजारी खुर्ची माग, कुबड्या सोबत ने. मुलींचं वजन बाईनेच घ्यायचं असतं. तसं नसेल तर तिथेच बोल.

प्रश्न : माझी भाची व्हीलचेअर वापरते. तिला या खेळाची ओढ लागली आहे. बायकांच्या या स्पर्धा खरोखर मोठ्या असतात की केवळ प्रोत्साहनापुरत्या?

उत्तर : पॅरालिम्पिकमध्ये 2000 च्या सिडनीपासून बायका वजन उचलत आहेत. आज 41 किलोपासून 86 किलोच्या वरपर्यंत त्यांचे दहा वजनगट आहेत. इजिप्तच्या फातमा ओमरने 2000 ते 2012 सलग चार सुवर्णपदकं घेतली. आपल्या सकिना खातूनने 2014 च्या ग्लासगो राष्ट्रकुल स्पर्धेत कांस्य मिळवलं. 2024 मध्ये पॅरिसला नायजेरियाच्या फोलाशादे ओलुवाफेमियायोने 167 किलो उचलले. हा आकडा मी भेटेल त्याला सांगते.

भाचीची कोपरं मात्र आधी तपासून घ्या. हात सरळ करताना कुठलंही कोपर 20 अंशांपेक्षा जास्त वाकलेलं राहत असेल तर या खेळात प्रवेश मिळत नाही.